आठवड्याचा एक तास : आमच्या आवडीच्या मालिका

निंबोल्यातील कोणत्याही मराठी घरात सायंकाळी डोकावून पाहावे. ओसरीवर बसलेली आजी आपल्या खानदेशी वळणाच्या मराठीत नातवाला काही विचारते आणि नातू मोबाईलवरची नजर न काढता तिला हिंदीत उत्तर देतो. दोघांनाही एकमेकांचे बोलणे समजते, त्यामुळे वरवर पाहता काही बिघडले आहे असे कोणाला वाटत नाही. आत सून एक मालिका पाहत असते, मुलगा दुसऱ्या खोलीत बातम्या ऐकत असतो. घर एक, छप्पर एक. पण पडदे चार, आणि प्रत्येक पडद्यासमोर एकच माणूस.

आम्ही दूरचित्रवाणीचे जुने चाहते आहोत. तिला नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही कधी बसलो नाही आणि आजही बसणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, याच पडद्याने एके काळी आठवड्यातून एकदा सारे घर एकत्र बसविले होते, आणि त्या वेळच्या काही मालिका अजूनही ते काम करू शकतील. म्हणून आमच्या आवडीच्या काही साप्ताहिक मालिकांची शिफारस वाचकांपुढे ठेवीत आहोत. निवड करताना आम्ही दोनच गोष्टी पाहिल्या. आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांना ती संकोचाशिवाय एकत्र पाहता यावी. आणि भाग संपल्यावर पुढच्या आठवड्यापर्यंत बोलण्यासारखे काही मागे उरावे.

प्रतीक्षेचे सहा दिवस

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. मुंबई-पुण्याचे आप्त सुट्टीत इकडे आले म्हणजे 'चिमणराव' मालिकेतील दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या गमती रंगवून सांगत. आपण बऱ्हाणपूरकडील मंडळी त्या गमती केवळ ऐकत असू. चिं. वि. जोशींचे चिमणराव आपल्या कपाटातील पुस्तकात होते, पडद्यावरचे मात्र आपल्या वाट्याला आले नाहीत. मुंबईच्या लहरी सातपुड्यापर्यंत पोहोचत नव्हत्या.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. त्यासाठी आग्रह धरणारे तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री वसंतराव साठे हे वर्ध्याचे खासदार होते, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाई. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली आणि लहान गावांतील छपरांवरही अँटेना दिसू लागल्या. मात्र मध्य प्रदेशात जो कार्यक्रम दिसे तो दिल्लीचा, अर्थात हिंदी. आपल्या मराठी घरांची दूरचित्रवाणीशी ओळख झाली ती अशी हिंदीतून.

तरीही त्या हिंदी मालिकांनी आपल्या मराठीचे काही बिघडविले नाही, असे आमचे निरीक्षण आहे. याचे कारण त्यांच्या साप्ताहिक असण्यात होते. भाग अर्ध्या तासाचा. त्यानंतर सहा दिवस वाट पाहावयाची. अर्धा तास हिंदी ऐकल्यावर सहा दिवस त्या मालिकेची चर्चा चाले, ती मराठीत. विहिरीवर, केळीच्या बागेत, बऱ्हाणपूरच्या बाजाराला जाणाऱ्या बसमध्ये 'आता पुढे काय होईल?' याचे तर्क लढविले जात. संच थोड्या घरी असत. ज्यांच्याकडे तो असे त्यांच्या पडवीत सतरंजी अंथरली जाई. ऐन वेळी वीज गेली तर बऱ्हाणपुरात राहणाऱ्या एखाद्या आप्ताकडून त्या भागाची कथा दुसऱ्या दिवशी ऐकावी लागे, आणि ती सांगणाराही तिखटमीठ लावून सांगे. भाषा अशा सांगण्यातूनच वाढते.

खंडव्याचे अशोककुमार

पहिली शिफारस 'हम लोग'ची. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात तिचे १५४ भाग दाखविले गेले. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन आणि पी. कुमार वासुदेव यांचे दिग्दर्शन. मेक्सिकोतील लोकशिक्षणपर मालिकांचा अनुभव पाहून तिची कल्पना आकाराला आली होती. आरंभी कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता की प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश कमी करून बसेसर रामच्या कुटुंबाची कथा पुढे आणली गेली, तेव्हा लोक तिच्यात गुंतले. बडकी, मझली, छुटकी, लल्लू आणि नन्हे ही त्या घरची मुले जणू आपल्याच आळीत वाढत होती.

निमाडच्या रहिवाशांना या मालिकेचा वेगळा अभिमान वाटे, तो प्रत्येक भागाच्या अखेरीस येणाऱ्या अशोककुमारांमुळे. गांगुली कुटुंब खंडव्याचे. बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा २००३ साली झाला; तोवर आपणही खंडवा जिल्ह्याचेच. जिल्ह्यातील वडीलधारा मनुष्य येऊन चार समजुतीच्या गोष्टी सांगून जातो, असेच आपल्याकडील वृद्धांना वाटे. अशोककुमारांना या मालिकेच्या काळात सुमारे चार लाख पत्रे आली. ती पत्रे लिहिणाऱ्यांत मुली पुष्कळ होत्या, आणि त्यांच्या तक्रारी बडकीच्याच होत्या : शिक्षण, लग्न, हुंडा. आज ही मालिका पाहताना तिचा वेग संथ वाटेल, देखावे साधे वाटतील. पण घरात लग्नाच्या वयाची मुलगी असेल, तर तिच्यासोबत बसून हे भाग अवश्य पाहावेत. जे आईला सरळ विचारता येत नाही, ते बडकीच्या निमित्ताने विचारता येते.

हसता हसता

दुसरी शिफारस 'ये जो है जिंदगी'ची. हीही १९८४ सालची. शुक्रवारी रात्री ती लागे. कुंदन शाह यांचे दिग्दर्शन. आणि लेखन उज्जैनमध्ये जन्मलेले हिंदीतील विनोदकार शरद जोशी यांचे, म्हणजे पुन्हा आपल्याच प्रदेशाचे. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे जोडपे, राकेश बेदी हा घरात ठाण मांडून बसलेला मेहुणा, आणि दर भागात नव्या सोंगाने येणारे सतीश शाह. या आठवड्यात ते कोण होऊन येणार, यावर मुलांत पैजा लागत. या विनोदात कोणाच्या जातीची, प्रांताची वा व्यंगाची टवाळी नसे. आजच्या हास्यकार्यक्रमांत ही गोष्ट दुर्मिळ झाली आहे, म्हणून मुद्दाम नोंदवितो.

तिच्याच जोडीला 'वागले की दुनिया' ठेवावी. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून १९८८ मध्ये ती आली. श्रीनिवास वागले हा सामान्य कारकून अंजन श्रीवास्तव यांनी उभा केला आणि त्याची पत्नी राधिका भारती आचरेकर यांनी. भारतीताई या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. वागले हे आपल्याकडचे आडनाव साऱ्या देशात सज्जन, थोड्या भित्र्या, पण मनाने स्वच्छ मध्यमवर्गीयाचे नाव होऊन बसले. प्रामाणिक माणसाची फजिती होते, तरी तो प्रामाणिक राहतो, एवढाच तिचा विषय. २०२१ साली याच नावाने वागले कुटुंबाच्या पुढच्या पिढीची दैनंदिन मालिका निघाली. आमचा ओढा मात्र जुन्या साप्ताहिक वागल्यांकडेच आहे.

तेंडुलकरांची रजनी

१९८५ च्या 'रजनी'चा उल्लेख केल्यावाचून कोणतीही यादी पुरी होणार नाही. बासू चॅटर्जी यांनी ती दिग्दर्शित केली आणि विजय तेंडुलकरांच्या कन्या प्रिया तेंडुलकर यांनी रजनीची भूमिका केली. गॅसच्या सिलिंडरसाठी होणारी अडवणूक, टॅक्सीवाल्यांची अरेरावी असे विषय घेऊन एक साधी गृहिणी जाब विचारते, आणि तो विचारीपर्यंत हटत नाही. टॅक्सीवरील भागानंतर मुंबईच्या टॅक्सीचालकांनी निषेध केला, यावरून बाण कोठे लागला ते कळते. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो रजनीमुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कायदा येण्याआधी त्याची भाषा तिने घरोघरी पोहोचविली होती, हे खरे.

आमच्या भगिनींना या मालिकेने काय दिले ते आम्ही जवळून पाहिले. रेशन दुकानात माप कमी भरले तर मुकाट्याने घरी येणारी बाई 'पुन्हा मोजा' म्हणू लागली. प्रियाताईंचे २००२ साली निधन झाले. आजच्या मुलींना त्यांचे नावही ठाऊक नसते, म्हणून ही शिफारस विशेष आग्रहाने करीत आहोत.

मालगुडी आणि असीरगड

लहान मुलांसाठी आमची पहिली पसंती 'मालगुडी डेज'ला. आर. के. नारायण यांच्या कथांवरील ही मालिका शंकर नाग यांनी कर्नाटकातील आगुंबे गावी चित्रित केली. शंकर नागांचा मराठीशी चांगला संबंध होता. '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. मास्टर मंजुनाथचा स्वामी आणि गिरीश कार्नाडांनी केलेले त्याचे कडक वडील पाहिले की, आपले बालपण कानडी मुलुखात कसे गेले असा प्रश्न पडतो! शाळेची भीती, आजीच्या कुशीतील कथा, परीक्षेआधीची धडधड : यांतले काय आपले नाही? मालगुडी नकाशावर नसलेले गाव, आणि निंबोला नकाशावर शोधावे लागणारे. पण मोठी कथा घडण्यास गाव मोठे लागत नाही, हे मुलांना त्यातून उमगते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी 'भारत एक खोज'. श्याम बेनेगल यांनी पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून ५३ भागांत केलेली ही मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. रविवारी सकाळी ती दाखविली जाई. मूळ ग्रंथ नेहरूंनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात बंदिवासात असताना लिहिला. रोशन सेठ यांनी नेहरू साकारले. नसीरुद्दीन शहा शिवाजी महाराज झाले आणि ओम पुरी औरंगजेब.

ही मालिका आपल्या भागातील मुलांना अधिक भिडावी, असे आम्हांस वाटते. निंबोल्याहून खंडव्याच्या रस्त्याने पुढे निघाले की असीरगड दिसतो. तो किल्ला १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडला आणि त्याबरोबर खानदेशची फारुकी सत्ता संपली. १६३१ साली मुमताजमहल बऱ्हाणपुरातच वारली. आग्र्यास नेण्याआधी तिचा देह तापीपलीकडे आहूखान्यात ठेवला होता. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजांनी बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेची मोहीम घेऊन बऱ्हाणपुरास येऊन उतरला. पडद्यावर अकबराचे वा औरंगजेबाचे भाग पाहावेत आणि पुढच्या रविवारी मुलांना घेऊन असीरगड चढावा. इतिहासाचा असा पाठ कोणत्याही शाळेत मिळणार नाही. गड चढताना मुले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे मराठीतून द्यावीत.

पोस्टकार्डांचा पाऊस

'सुरभि' ही मालिका १९९० मध्ये आली आणि मधला काही काळ वगळता २००१ पर्यंत चालली. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे यांनी देशातील कलाकुसर, सण, वाद्ये, विणकाम, देवळे आणि माणसे घरात आणून बसविली. रेणुकाताईंच्या प्रसन्न हास्याची तर दंतकथाच झाली. भागाच्या शेवटी प्रश्न विचारला जाई आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवावयाचे असे. १९९३ साली एका आठवड्यात चौदा लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद आहे. पंधरा पैशांच्या कार्डांचा हा पाऊस पाहून टपाल खात्याला अशा स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढावे लागले.

त्या पोस्टकार्डासाठी घरात किती धावपळ होई! उत्तर शोधावयाचे, सुवाच्य अक्षरात लिहावयाचे, पेटीत टाकावयाचे, आणि मग वाट पाहावयाची. बक्षीस आमच्या आळीत कोणालाच लागले नाही. पण मुलांचे अक्षर सुधारले आणि देशाचा नकाशा पाठ झाला. आजही 'सुरभि'चा एक भाग पाहून आजोबांनी नातवंडांना एक प्रश्न घालावा. उत्तर कागदावर, मराठीत लिहून मागावे. बक्षीस म्हणून शेतातल्या केळीचा एक घड पुरे आहे.

सोबत बासू चॅटर्जी यांची १९९३ ची 'ब्योमकेश बक्शी' ही मालिकाही नोंदवून ठेवतो. रजित कपूरचा शांत सत्यान्वेषी घरातील तरुणांना आवडेल, आणि रक्तपाताशिवाय रहस्यकथा रंगते हेही त्यांना दिसेल.

अखेर मराठी पडदा

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि उपग्रहाला राज्याची सीमा नसल्याने निंबोल्यातही मराठी मालिका दिसू लागल्या. त्यांतील दोन आमच्या विशेष जिव्हाळ्याच्या. प्रतिमा कुलकर्णी यांच्या 'प्रपंच'मध्ये एकत्र कुटुंबातील तीन पिढ्या होत्या, आणि सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे यांच्यासारखे कसलेले कलावंत. त्या घरात भांडणे होत, पण कोणी कोणावर विषप्रयोग करीत नसे.

दुसरी 'श्रीयुत गंगाधर टिपरे', २००१ सालची. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. साऱ्या यादीतून एकच मालिका निवडा असे कोणी म्हटले, तर आम्ही हिचेच नाव घेऊ. चिमणराव आपल्या वाट्याला आले नव्हते. पाव शतकाने तेच प्रभावळकर टिपऱ्यांचे आबा होऊन आले. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या : पाच माणसांचे घर, रोजच्या बारीकसारीक गोष्टी, आणि त्यांतून उगवणारा विनोद. आबांची मराठी एक, श्यामलेची दुसरी, शिऱ्याची तिसरीच; तरी सारे एकमेकांना धरून आहेत. नातू चुकीची, इंग्रजाळलेली मराठी बोलतो म्हणून आबा त्याचे तोंड बंद करीत नाहीत. ते ऐकतात आणि मग आपले म्हणणे मांडतात. आपल्याकडच्या आजी-आजोबांनी ही गोष्ट घेण्यासारखी आहे. 'अरे, मराठीत बोल!' असे दरडावल्याने नातू मराठीत बोलत नाही. तो बोलेनासाच होतो.

संगीताच्या बाबतीत २००८-०९ चे 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' हे पर्व. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत यांनीही घराघरांत स्थान मिळविले. हिंदी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी अभंग आणि नाट्यपदे आली ती या मुलांचे ऐकून. आपल्याच वयाची मुले हे गातात, हे पाहिल्यावर मराठी ही केवळ आजीची भाषा उरत नाही.

कसे पाहावे?

यांतील बऱ्याच मालिका आता इंटरनेटवर शोधल्यास पाहावयास मिळतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे आपले स्वतःचे व्यासपीठही सुरू केले आहे. पण येथेच एक धोका आहे. सारे भाग एकदम हाती असले की एका रात्रीत दहा पाहण्याचा मोह होतो.

'रामायणा'चे उदाहरण घ्यावे. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, दर रविवारी सकाळी, ७८ भाग. त्या वेळी रस्ते ओस पडत, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा रोज सकाळी आणि रात्री भाग लागे. त्या कठीण दिवसांत तिने घरांना आधार दिला, हे आम्ही विसरणार नाही. पण दीड वर्षाची कथा काही आठवड्यांतच आटोपली. पूर्वी कैकेयीवर आठ-आठ दिवस वाद चालत; या वेळी सकाळी सुरू झालेला वाद रंगण्याच्या आत रात्रीचा भाग येऊन ठेपे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आठवड्यातील एक वार आणि एक वेळ ठरवावी; शेतीवाल्या घरांना रविवारची रात्र सोयीची. मोठ्या पडद्यावर एक हिंदी आणि एक मराठी भाग लावावा. तेवढा वेळ मोबाईल देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवावेत, आजोबांचासुद्धा. भाग संपल्यावर संच बंद करावा आणि पुढचा भाग कितीही खुणावला तरी लावू नये. त्यानंतरची पंधरा मिनिटे बोलण्यासाठी राखावीत. मुले हिंदीत बोलू लागली तर बोलू द्यावीत. मोठ्यांनी मात्र मराठी सोडू नये. रजनीने केले ते बरोबर होते का, आबा रागावले ते योग्य होते का, असे प्रश्न निघू लागले की मुले शब्द शोधतात, आणि तो शब्द त्यांना आजीजवळ सापडतो.

पिढ्यान्‌पिढ्या तापीच्या काठी राहून आपल्या घरांनी मराठी टिकविली ती शाळेच्या बळावर किंवा सरकारी कागदाच्या बळावर नव्हे, ओसरीवरच्या गप्पांच्या बळावर. ती ओसरी आठवड्यातून एक तास पुन्हा भरविण्यास फार खर्च येत नाही. येत्या रविवारी टिपऱ्यांच्या पहिल्या भागापासून आरंभ करावा, आणि घरात काय बोलणे झाले ते या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावे. पत्र मुलांच्या हातचे असेल, तर आम्हांस अधिक आनंद होईल.